मॉरिशसची शाळा आणि वर्गाबाहेरची भाषा

मॉरिशसचे नाव मराठी वाचकाच्या कानावर पडते ते बहुधा गणेशोत्सवाच्या दिवसांत. तेथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, गणपतीचे विसर्जन थाटाने समुद्रात होते, कोकणातून गेलेल्या मजुरांच्या वंशजांनी जाखडीचा नाच ‘झाकरी’ या नावाने टिकवून धरला आहे आणि सरकारी प्राथमिक शाळांत मराठी हा विषय शिकविला जातो, या गोष्टी आपल्याकडे अभिमानाने सांगितल्या जातात. त्या खऱ्याही आहेत. परंतु ज्या शाळेत ही मराठी शिकविली जाते ती शाळा एकंदरीने कशी चालते, तेथे गणित आणि विज्ञान कोणत्या भाषेत शिकविले जाते आणि त्या शाळेतून किती मुले रिकाम्या हाताने बाहेर पडत आली, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती करण्याजोगी आहे. सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर क्षेत्राच्या आणि साडेबारा लाखांच्या आसपास वस्तीच्या या राष्ट्राने शिक्षण मोफत करण्याच्या बाबतीत भल्याभल्या देशांना मागे टाकले. आणि तरीही शिक्षणातली विषमता त्याला पुसून टाकता आली नाही. याचे कारण तिजोरीत शोधून सापडत नाही. ते भाषेत आहे, आणि भाषेपेक्षाही अधिक, भाषेला चिकटलेल्या प्रतिष्ठेत आहे.

हे बेट मूळचे निर्मनुष्य. सतराव्या शतकात डचांनी तेथे वस्ती करण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. १७१५ मध्ये फ्रेंचांनी त्याचा ताबा घेतला, आफ्रिका व मादागास्कर येथून गुलाम आणले आणि उसाची लागवड वाढविली. मालकाची फ्रेंच आणि गुलामांच्या नाना बोली यांच्या संसर्गातून अठराव्या शतकात तेथे क्रिओल ही भाषा घडली. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले खरे, पण फ्रेंच मळेवाल्यांना त्यांची मालमत्ता, त्यांचा धर्म, त्यांचे कायदे आणि त्यांच्या चालीरीती राखू दिल्या. राज्य इंग्रजांचे आणि समाजावर वचक फ्रेंचांचा, अशी ही चमत्कारिक व्यवस्था होती. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. तत्पूर्वीच, म्हणजे १८३४ पासून, हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर येऊ लागले होते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख मजूर या बेटावर उतरले. बहुतेक बिहार आणि त्याच्या आसपासचे, काही मद्रास इलाख्यातले, आणि थोडे मुंबई बंदरातून निघालेले, रत्नागिरी-सातारा बाजूचे मराठी लोक.

परिणाम असा झाला की कचेरीत इंग्रजी, वृत्तपत्रांत आणि पांढरपेशा घरांत फ्रेंच, मळ्यातल्या झोपडीत भोजपुरी, तमिळ, तेलुगू वा मराठी, आणि बाजारात, रस्त्यावर, उसाच्या शेतात सर्वांची मिळून क्रिओल, अशी भाषांची उतरंड तयार झाली. ही उतरंड आज दोनशे वर्षांनंतरही पुष्कळशी जागच्या जागी आहे. फरक एवढाच पडला की सर्वांत खालचे मडके आता सर्वांत मोठे झाले आहे. २०२२ च्या जनगणनेत सुमारे ९० टक्के लोकांनी घरात क्रिओल बोलत असल्याचे नोंदविले. भोजपुरी बोलणारी घरे २००० साली सुमारे १२ टक्के होती, ती २०११ मध्ये ५ टक्क्यांच्या आसपास आली. घरात इंग्रजी बोलणारे शंभरात एकही भरत नाहीत. आणि शाळेचे माध्यम इंग्रजी आहे.

साक्षरता आणि मताचा अधिकार

१९०१ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतून परतताना गांधीजी सुमारे तीन आठवडे मॉरिशसमध्ये थांबले होते. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, हा त्यांनी तेथल्या हिंदी लोकांना दिलेला सल्ला. पुढे १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तेथे गेले आणि मजुरांचे खटले चालवू लागले. पण या सल्ल्याच्या दोन्ही भागांचा सांधा जुळून आला तो त्यानंतर चाळीस वर्षांनी, आणि तोही एका कायद्याच्या कलमामुळे.

तोवर मताचा अधिकार मिळकतीवर अवलंबून होता आणि मतदारांची संख्या जेमतेम बारा हजार होती. १९४८ च्या निवडणुकीसाठी जी नवी घटना आली तिने साक्षरतेची कसोटी लावली. बेटावर प्रचलित असलेल्या नमूद भाषांपैकी कोणत्याही एकीत साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढ स्त्री-पुरुषास मत मिळणार होते. कसोटी लावणाऱ्यांना वाटले असेल की मळ्यातला मजूर एवढ्यानेच बाहेर राहील. झाले उलटेच. वासुदेव विष्णुदयाल यांच्या जनआंदोलनाचे स्वयंसेवक खेडोपाडी पसरले. गावोगावच्या ‘बैठका’, जेथे पूर्वी संध्याकाळी रामायण वाचले जाई, तेथे दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवू लागली. मतदारांची संख्या एकदम ७० हजारांच्या वर गेली आणि मळेवाल्यांची विधिमंडळावरची पकड सुटली. साक्षरता प्रसाराच्या इतिहासात, सरकारी खर्चाशिवाय आणि एका निश्चित राजकीय हेतूने इतक्या थोड्या अवधीत एवढे काम झाल्याची उदाहरणे फार नाहीत.

या प्रकरणातली एक गोष्ट मात्र आवर्जून पाहावी अशी आहे. कायद्यात नमूद केलेल्या भाषांच्या यादीत इंग्रजी, फ्रेंच, हिंदुस्थानी, तमिळ, तेलुगू, उर्दू, गुजराती, चिनी यांच्या जोडीला क्रिओलही होती. म्हणजे क्रिओलमध्ये चार वाक्ये लिहिणारा माणूस राज्य निवडून देण्याइतका साक्षर आहे, हे परकीय सत्तेने १९४८ मध्ये मान्य केले होते. त्याच क्रिओलला प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात एक तास मिळायला २०१२ साल उजाडावे लागले. मधली ६४ वर्षे, त्यांतली ४४ स्वराज्याची, कोणत्या विचारात गेली, हाच खरा प्रश्न आहे.

मोफत शिक्षण

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला, तेव्हा त्याच्या भवितव्याविषयी फारशी आशा कोणी बाळगली नव्हती. जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ च्या आपल्या अहवालात वाढती लोकसंख्या आणि एकट्या साखरेवर उभी असलेली अर्थव्यवस्था पाहून काळजीचा सूर काढला होता. मीड यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. मॉरिशसबद्दलचे त्यांचे भाकीत मात्र खोटे ठरले. ते खोटे ठरण्यात शाळांचा वाटा मोठा होता.

प्राथमिक शिक्षण स्वातंत्र्याच्या वेळी मोफत होतेच. माध्यमिक शाळेला फी होती. सरकारी माध्यमिक शाळा अगदी थोड्या. बाकीची मुले ठिकठिकाणच्या खासगी ‘कॉलेजां’त जात. या संस्थांपैकी कित्येकांत वर्ग पत्र्याखाली भरत आणि शिक्षकांना बेताचे वेतन मिळे. २० मे १९७५ रोजी या शाळांतले हजारो विद्यार्थी राजधानी पोर्ट लुईकडे चालत निघाले. शहराच्या वेशीवरील ग्रां रिव्हिएरच्या पुलाजवळ पोलिसांनी त्यांना अडविले आणि अश्रुधूर सोडला. मागण्या होत्या त्या सरकारी आणि खासगी शाळांतला भेद नाहीसा करा, अभ्यासक्रम देशाच्या गरजांशी जुळता करा, मताचे वय १८ वर आणा. पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी त्याच वर्षाअखेर मताचे वय १८ केले. १९७६ च्या डिसेंबरमध्ये, ऐन निवडणुकीच्या तोंडावर, त्यांनी माध्यमिक शिक्षण मोफत करण्याची घोषणा केली. नव्या मतदारांना खूष करण्याचा हा डाव होता, अशी टीका तेव्हा झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. पण निवडणुकीतली पुष्कळ आश्वासने निकालानंतर विरून जातात. हे आश्वासन जानेवारी १९७७ मध्ये अमलात आले. साखरेच्या तेजीची वर्षे सरली होती. १९७९ आणि १९८१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन करावे लागले, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी आल्या, आणि तरीही मोफत शिक्षण मागे घेतले गेले नाही. खासगी शाळांना सरकार अनुदान देऊ लागले, शिक्षकांचे वेतन सरकारी तिजोरीतून होऊ लागले. अनुदानासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढणाऱ्या आपल्याकडील शिक्षकांना या एका वाक्याचे मोल सांगण्याची गरज नाही.

याचा सर्वांत मोठा लाभ मुलींना झाला. फी भरायची असते तेव्हा बेताच्या मिळकतीचे घर ती मुलग्यासाठी भरते, मुलगी घरी बसते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. फी गेली तशा मुली माध्यमिक शाळेत आल्या आणि काही वर्षांतच त्यांची संख्या मुलग्यांच्या बरोबरीला पोहोचली. १९८० नंतर निर्यातक्षेत्रातल्या कपड्यांच्या कारखान्यांनी जी भरभराट केली ती मुख्यतः लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्रियांच्या श्रमावर. २००५ पासून १६ वर्षे वयापर्यंत शिक्षण सक्तीचे झाले, त्याच वर्षी विद्यार्थ्यांचा बसप्रवास मोफत झाला, आणि २०१९ मध्ये सरकारी विद्यापीठीय संस्थांतील पहिल्या पदवीपर्यंतची फी माफ झाली. दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेतल्या देशांच्या तुलनात्मक चाचण्यांत मॉरिशसची मुले सरासरीने वरच्या क्रमांकांत येत राहिली. येथवरची कथा कोणत्याही शिक्षणमंत्र्याने आपल्या भाषणात घालावी अशी आहे. पण सरासरीच्या आड पुष्कळ काही लपते.

चाळणी

माध्यमिक शाळा मोफत झाल्या, पण सारख्या झाल्या नाहीत. रॉयल कॉलेज आणि त्याच्या तोडीची मोजकी विद्यालये एका बाजूला, आणि उरलेली सगळी दुसऱ्या बाजूला. मोजक्या विद्यालयांत प्रवेश कोणाला द्यायचा हे ठरविण्यासाठी सहावीच्या अखेरच्या परीक्षेचा उपयोग होऊ लागला. १९८० पासून ती ‘प्राथमिक शिक्षण प्रमाणपत्र परीक्षा’ या नावाने घेतली जाई, आणि तिच्या निकालावरून साऱ्या देशातल्या मुलांची क्रमवार यादी लावली जाई. अकरा वर्षांच्या मुलाचा देशात कितवा क्रमांक आहे, हे सरकार जाहीर करी! पुढे केंब्रिजच्या परीक्षेत अव्वल येणाऱ्यांना परदेशी शिक्षणाची संपूर्ण शिष्यवृत्ती मिळे. त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकत. या शिष्यवृत्तीची वाट कोणत्या विद्यालयातून जाते हे सर्वांना माहीत होते, म्हणून त्या विद्यालयाच्या दाराशी पोहोचण्यासाठी सहा-सात वर्षांच्या पोरांच्या मागे शिकवण्यांचा ससेमिरा लागला. शाळेचेच गुरुजी शाळा सुटल्यावर पैसे घेऊन तोच धडा नीट समजावून सांगत. सरकारने खालच्या इयत्तांतल्या शिकवण्यांना कायद्याने बंदी घातली. अशा बंदीचे काय होते ते निराळे सांगायला नको.

शिक्षण मोफत, शिकवणी विकत. ज्याला ती परवडत नाही त्याने काय करावे, याला व्यवस्थेकडे उत्तर नव्हते. दीर्घकाळ या परीक्षेत दरवर्षी सुमारे एक-तृतीयांश मुले पहिल्या खेपेला नापास होत. सहा वर्षे शाळेत बसल्यावर त्यांतल्या कित्येकांना धड वाचता येत नसे. आणि ही मुले देशभर सारखी विखुरलेली नव्हती. किनाऱ्यावरची कोळ्यांची गावे, राजधानीच्या कडेच्या गरीब वस्त्या, गुलामांच्या वंशजांचे मोहल्ले अशा ठरावीक जागी ती एकवटलेली होती. २००३ मध्ये सरकारने अशा सुमारे तीस शाळा वेगळ्या काढून त्यांना जादा साहाय्य देण्याची योजना आखली. निवडीचा निकष होता लागोपाठ पाच वर्षे चाळीस टक्क्यांखाली निकाल. १९९९ च्या फेब्रुवारीत काया या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि देशात दंगली उसळल्या, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या तरुणांत शाळेने टाकून दिलेल्या मुलांचा भरणा किती आहे, याची चर्चा मॉरिशसमध्ये बरीच झाली.

परीक्षा बदलण्याचे प्रयोगही झाले. क्रमवारी २००२ मध्ये रद्द झाली, काही वर्षांत श्रेणीच्या रूपाने परत आली. २०१६ नंतर ती परीक्षाच बंद करण्यात आली आणि नऊ वर्षांच्या सलग शिक्षणाची योजना आली. निवडीची मुख्य चाळणी सहावीवरून नववीवर सरकली. २०१८ पासून, सहावीत मागे पडलेल्या मुलांना नववीचा टप्पा तीनऐवजी चार वर्षांत गाठण्याची सवलत देण्यात आली. त्यांपैकी नववी उत्तीर्ण झाली ती अगदी थोडी. एक वर्ष अधिक दिल्याने काम होईल, असे मानणाऱ्यांनी त्या जादा वर्षातही पुस्तक त्याच भाषेत ठेवले होते.

फळ्यावर एक, तोंडी दुसरे

१९५७ चे शिक्षणविषयक नियम मोठे मासलेवाईक आहेत. पहिली ते तिसरी या इयत्तांत मंत्र्याच्या मते मुलांना सर्वांत योग्य अशी कोणतीही भाषा माध्यम म्हणून वापरता येईल. चौथीपासून मात्र शिक्षण आणि शिक्षक-विद्यार्थ्यांचे संभाषण इंग्रजीतच व्हावे, असे ते सांगतात. म्हणजे पहिल्या तीन इयत्तांत क्रिओल वा भोजपुरी वापरायला कायद्याची आडकाठी कधीच नव्हती. वापरली कोणी नाही. पाठ्यपुस्तके पहिलीपासून इंग्रजीतच निघाली.

प्रत्यक्ष वर्गात काय चालते? बाई पुस्तकातले गणित इंग्रजीत वाचतात, क्रिओलमध्ये समजावतात आणि उत्तर पुन्हा इंग्रजीत फळ्यावर लिहितात. मुले ते उतरवून घेतात. त्यांना समजलेले असते ते लिहिण्यासारखे नसते, आणि लिहिलेले असते ते समजलेले असतेच असे नाही. त्याच वयात त्यांना फ्रेंच हा विषयही सक्तीने शिकावा लागतो. ज्या घरात वृत्तपत्र येते, आईबाप अधूनमधून फ्रेंच बोलतात, त्या घरचे मूल यातून निभावते. दोन-तीन भाषा सफाईने बोलणारा मॉरिशसचा सुशिक्षित माणूस पाहून परदेशी पाहुणा थक्क होतो तो याच मुलांतून तयार झालेला असतो. पण ज्या घरी छापील कागदच नाही, त्या घरच्या पाच वर्षांच्या मुलाला अक्षर, शब्द आणि अर्थ ही तिन्ही एकदम अनोळखी असतात. मुलाला आरंभीचे शिक्षण त्याला येणाऱ्या भाषेत द्यावे, हे युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ मध्येच सांगून ठेवले आहे. मॉरिशसच्या शिक्षकांना तर ते कोणी सांगण्याची जरुरीच नव्हती. क्रिओलमध्ये समजावल्यावाचून वर्ग पुढे सरकत नाही, हे ते रोज पाहत होते.

मग अडले कोठे? इंग्रजी कोणाच्याच घरची नाही, म्हणून ती सर्वांना सारखीच परकी आणि म्हणून निःपक्षपाती, असा एक युक्तिवाद केला जातो. तो वाटतो तितका पोकळ नाही. साखर, कापड, पर्यटन आणि परदेशी व्यापार यांवर जगणाऱ्या चिमुकल्या देशाला इंग्रजी सोडून चालणार नाही, हेही उघड आहे. परंतु इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतून वाचायला शिकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि हा भेद तेथल्या धुरीणांना कळत नव्हता असे मानणे कठीण आहे. अडचण अशी की क्रिओलविषयी प्रत्येकाला आपापली शंका होती. फ्रेंच संस्कृतीच्या अभिमान्यांना ती मोडकी फ्रेंच वाटे. हिंदी वंशाच्या पुढाऱ्यांना ती गुलामांच्या वंशजांची भाषा वाटे आणि ती शाळेत आली तर हिंदी, तमिळ, मराठी यांना कष्टाने मिळविलेली जागा जाईल, अशी भीती वाटे. आणि सर्व जमातींतल्या गरीब पालकांना वाटे की घरी फुकट मिळते ती भाषा शिकण्यासाठी पोराला शाळेत कशाला धाडायचे? या तिसऱ्या शंकेला हसणे सोपे आहे. पण नोकरीचा अर्ज ज्या भाषेत लिहायचा ती भाषा मुलाला लवकर यावी, एवढाच त्या बापाचा हिशेब असतो.

या शंकांचे राजकारण केवढे पेटू शकते ते १९८३ मध्ये दिसले. आदल्या वर्षी मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा जिंकून अनिरुद्ध जगन्नाथ आणि पॉल बेरांझे यांची आघाडी सत्तेवर आली होती. १२ मार्च १९८३ या स्वातंत्र्यदिनी दूरचित्रवाणीवरून राष्ट्रगीत क्रिओलमध्ये ऐकविले गेले. गदारोळ उठला आणि महिना संपायच्या आत ती आघाडी फुटली. फुटीची मुख्य कारणे आर्थिक धोरण आणि सत्तेची ओढाताण ही होती. पण ठिणगी पडली ती गीताच्या भाषेवरून. १९९८ मध्ये नव्या चलनी नोटांवर हिंदी मजकूर तमिळच्या आधी छापला गेला, तेव्हा तमिळ समाजाच्या संतापापुढे त्या नोटा परत घ्याव्या लागल्या. ज्या देशात नोटेवरच्या ओळींचा क्रम बदलता येत नाही तेथे शाळेचे माध्यम बदलायला कोणता मंत्री धजेल?

शेजारच्या सेशेल्सने हे धाडस केले होते. तेथेही तशीच फ्रेंचोद्भव क्रिओल बोलली जाते. १९८१ मध्ये तिला राष्ट्रभाषेचा दर्जा मिळाला आणि १९८२ पासून प्राथमिक शाळेत तिच्यातून शिकविणे सुरू झाले. मात्र तेथे एकपक्षीय राजवट होती आणि रेने यांच्या शब्दाला आडवे जाणारे कोणी नव्हते. वंशावळीच्या भाषा सांभाळणारे मोठे समाजही नव्हते. मॉरिशसमध्ये दर पाच वर्षांनी मते मागावी लागतात. मते मागण्याच्या सभा होतात त्या, सांगायलाच नको, क्रिओलमध्ये. निवडून गेल्यावर सभागृहात बोलायचे ते घटनेच्या कलमाप्रमाणे इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये.

एकच तास

सरकार हलले नाही, तेव्हा काम केले ते बाहेरच्या माणसांनी. नाटककार आणि भाषाशास्त्रज्ञ देव विरासामी यांनी क्रिओलमध्ये नाटके लिहून ती साहित्याची भाषा होऊ शकते हे दाखवून दिले. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ‘लेदिकास्यों पू त्रावायेर’, म्हणजे ‘श्रमिकांसाठी शिक्षण’, या संस्थेने प्रौढ कामगारांना क्रिओलमधून लिहायला-वाचायला शिकविले. तिच्या कार्याला २००४ मध्ये युनेस्कोचे साक्षरता पारितोषिक मिळाले. कॅथलिक शाळांनी २००५ पासून, प्राथमिक परीक्षेत नापास झालेल्या मुलांसाठी क्रिओलमधून वर्ग चालविले. २००९ मध्ये आर्नो कार्पूरां यांचा क्रिओल-क्रिओल शब्दकोश प्रसिद्ध झाला. लिपीचा घोळ मिटला, प्रमाण लेखनाचे नियम ठरले. भाषेला व्याकरण नाही, शब्दकोश नाही, या सबबी एकेक करून निकालात निघाल्या आणि अखेर जानेवारी २०१२ मध्ये क्रिओल पहिलीच्या वर्गात दाखल झाली.

दाखल झाली ती कशी, हे मात्र पाहिले पाहिजे. ती माध्यम म्हणून आली नाही. ती एक ऐच्छिक विषय म्हणून आली. आणि वेळापत्रकात तिला जागा देण्यात आली ती हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, मंदारिन, अरबी या ‘पूर्वजांच्या’ भाषांच्याच तासाला. पालकाने यांपैकी एक निवडायची. म्हणजे नव्वद टक्के घरांत बोलली जाणारी भाषा ही एका विशिष्ट जमातीची वारसाभाषा ठरली. ज्यांच्या पूर्वजांची अन्य कोणती भाषा शाळेत नव्हती त्यांनी क्रिओल घ्यावी आणि बाकीच्यांनी आपापली घ्यावी, अशी ही तडजोड. कोणीही दुखावले गेले नाही. गणिताचे पुस्तकही इंग्रजीतच राहिले.

मराठी माणसाचा या प्रकरणाशी संबंध येतो तो येथे. मॉरिशसच्या मराठी समाजाने आपली भाषा शाळेत आणण्यासाठी चिकाटीने प्रयत्न केले. १९६० मध्ये मराठी मंडळी फेडरेशन उभे राहिले. १९७० मध्ये भारत सरकारच्या साहाय्याने निघालेल्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीच्या शिक्षकांचे प्रशिक्षण होते आणि पदवीपर्यंत अध्यापन चालते. हे सर्व कौतुकास्पद आहे. पण त्या समाजातले मूल आजीशी, आईशी आणि खेळगड्यांशी बहुतांशी क्रिओलमध्ये बोलते. मराठी ही त्याच्या नावागावाची, सणांची, आरतीची भाषा आहे. अडलेले गणित ते ज्या भाषेत सोडविते ती भाषा नव्हे. भोजपुरीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. हिंदी साऱ्या देशातल्या शाळांत शिकविली जात असताना, ज्या घरांसाठी ती शिकविली जाते त्या घरांतली भोजपुरी ओसरत गेली. शाळेतला वारसाभाषेचा तास घरची भाषा टिकवितो, हा समज या आकड्यांनी खोटा पाडला आहे.

म्हणून क्रिओल माध्यम झाली असती तर मराठीचे काय गेले असते, हा प्रश्न शांतपणे विचारण्याजोगा आहे. पहिल्या दोन-तीन इयत्तांत मुलाला क्रिओलमधून वाचता येऊ लागले, तर त्यानंतर इंग्रजी, फ्रेंच आणि मराठी या तिन्ही शिकणे त्याला सोपेच जाईल. वाचनाचे कौशल्य एकदाच मिळवावे लागते. लिपी आणि शब्द पुन्हा पुन्हा शिकता येतात. परंतु सरकारने दोघींना एकाच तासाला बसवून ही शक्यता बंद केली. पटावर मराठीची मुले किती, यावर मराठीच्या शिक्षकांच्या जागा अवलंबून असतात, आणि एखाद्या मराठी पालकाने क्रिओल निवडली तर तो आकडा एकाने घटतो. अशा स्थितीत मराठी शिक्षकाला क्रिओल ही प्रतिस्पर्धी वाटली तर त्याला दोष कसा देणार? दोन गरजा एकमेकींच्या विरोधात उभ्या केल्या त्या वेळापत्रकाने.

पहिलीत नाव घालताना पालकापुढे जो कागद येतो त्यावर भाषांची नावे असतात आणि खूण एकाच नावापुढे करायची असते. वास्वा वा कास्कावेल येथल्या मराठी आईबापांनी ती बहुधा मराठीपुढे केलेली असते, आणि घरी परतताना मुलाशी ते शाळेबद्दल जे काही बोलतात ते क्रिओलमध्ये.